स्पेनच्या चित्रपटांचा पुरस्कार-हंगाम नाशिकमध्ये बसून कसा अभ्यासावा

ऑस्कर सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात विजेत्यांची यादी छापून येते, आणि परदेशी चित्रपटांविषयीचे आपल्याकडचे कुतूहल बहुधा त्या यादीतल्या एका ओळीपाशी सुरू होऊन तिथेच संपते. स्पेनच्या चित्रपटांबाबत असे झाले, तर फार मोठा भाग हातून निसटतो. कारण तिथली खरी चुरस लॉस एंजेलिसमध्ये होत नाही, ती त्याच्या सहा महिने आधी माद्रिदमध्ये होते. कोणता एक चित्रपट देशातर्फे पाठवायचा, हा निर्णय ज्या तीन चित्रपटांमधून होतो, ते तिन्ही चित्रपट पाहिल्याशिवाय त्या वर्षीचा स्पॅनिश सिनेमा कळला असे म्हणता येत नाही, असे माझे ठाम मत आहे. नाशिकमध्ये मित्रमंडळींचा, एखाद्या वाचनालयाच्या सभासदांचा किंवा महाविद्यालयाचा छोटा गट करून हा हंगाम कसा पाहावा, हे या लेखात सविस्तर मांडले आहे. ज्या गावात दादासाहेब फाळक्यांनी हिंदुस्तान सिनेमा फिल्म कंपनी चालवली, त्या गावातल्या प्रेक्षकाला हा उद्योग परका वाटण्याचे काही कारण नाही.

आधी वाट समजून घ्यावी

ऑस्करच्या ‘आंतरराष्ट्रीय चित्रपट’ या विभागात प्रत्येक देशाला एकच प्रवेशिका पाठवता येते. २०१९ पर्यंत हा विभाग ‘परदेशी भाषेतील चित्रपट’ या नावाने ओळखला जात असे. चित्रपट अमेरिकेबाहेर चित्रपटगृहात किमान सलग सात दिवस दाखवलेला असावा लागतो आणि त्यातील निम्म्याहून अधिक संवाद इंग्रजीव्यतिरिक्त भाषेत असावे लागतात. आलेल्या प्रवेशिकांमधून डिसेंबरमध्ये पंधरा चित्रपटांची यादी जाहीर होते, जानेवारीत पाच नामांकने ठरतात आणि मार्चच्या सुमारास निकाल लागतो.

स्पेनमध्ये ही निवड तिथली चित्रपट अकादमी करते. ही संस्था १९८६ मध्ये स्थापन झाली आणि १९८७ पासून ती गोया पुरस्कार देते. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास अकादमी तीन चित्रपटांची नावे जाहीर करते आणि मग सभासदांच्या मतदानाने त्यातला एक निवडला जातो. आपल्याकडे फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया हे काम करते, पण ते एका निवड समितीमार्फत. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. समितीच्या निवडीत मोजक्या माणसांची अभिरुची दिसते, तर सभासदांच्या मतदानात संबंध चित्रपटव्यवसायाचा कल दिसतो, आणि शिवाय अंतिम तीन नावे उघड असल्यामुळे बाहेरच्या प्रेक्षकालाही आपले मत त्या निर्णयाशी ताडून पाहता येते. आपला सगळा अभ्यास या एका सोयीवर उभा आहे.

स्पेनने हा पुरस्कार आजवर चार वेळा मिळवला आहे: होसे लुईस गार्सी यांचा ‘वोल्वेर आ एम्पेसार’ (१९८२), फेर्नांदो त्रुएबा यांचा ‘बेल एपोक’ (१९९२), पेद्रो अल्मोदोवार यांचा ‘ऑल अबाउट माय मदर’ (१९९९) आणि आलेहांद्रो आमेनाबार यांचा ‘द सी इनसाइड’ (२००४). कंसातली वर्षे चित्रपटांची आहेत, सोहळ्यांची नाहीत. याद्या वाचताना हा घोळ सतत होतो, म्हणून आपल्या नोंदींमध्ये कोणते वर्ष लिहायचे ते पहिल्याच दिवशी ठरवून टाकावे.

सराव म्हणून २०२२ घ्यावे

नव्या गटाने चालू वर्षापासून सुरुवात करू नये. चालू वर्षाचे चित्रपट लगेच हाती लागत नाहीत आणि त्यांच्याभोवतीचा गाजावाजाही मत बनवू देत नाही. त्याऐवजी निकाल लागून गेलेले एक वर्ष घ्यावे, आणि त्यासाठी २०२२ इतके सोयीचे वर्ष दुसरे नाही. त्या वर्षीचे तीन चित्रपट होते कार्ला सिमोन यांचा ‘आल्कारास’, रोद्रिगो सोरोगोयेन यांचा ‘द बीस्ट्स’ आणि अलाउदा रुइस दे असुआ यांचा ‘लल्लाबाय’. तिन्ही चित्रपट नाशिकच्या प्रेक्षकाला आपल्या अंगणातले वाटतील असे आहेत.

‘आल्कारास’ हा स्पेनच्या कातालोनिया प्रांतातल्या पीच पिकवणाऱ्या एका कुटुंबाचा चित्रपट आहे. जमीन कसण्याचा हक्क त्यांना जुन्या मालकाने तोंडी शब्दावर दिलेला आहे, कागद कुठेच नाही. आणि आता मालकाच्या वारसाला झाडे काढून तिथे सौर पॅनेल बसवायची आहेत. चित्रपटाच्या सुरुवातीला मुले एका भंगारातल्या मोटारीत बसून अंतराळयानाचा खेळ खेळत असतात, आणि थोड्याच वेळात एक क्रेन येऊन ती मोटार उचलून नेते. पुढे येणारे सगळे संकट दिग्दर्शिकेने या खेळण्याच्या हानीत आधीच सांगून टाकले आहे. पडद्यावरची बहुतेक माणसे व्यावसायिक नट नसून त्याच भागातली आहेत. पुढे एका प्रसंगात शेतकरी फळांच्या भावासाठी आंदोलन करतात, तेव्हा लासलगावचे लिलाव बंद पडलेले ज्याने पाहिले आहेत, भाव पडल्यावर रस्त्यावर ओतलेले टोमॅटो ज्याने पाहिले आहेत, त्याला उपशीर्षकांची गरज उरत नाही. द्राक्षबागायतदारांच्या घरातल्या प्रेक्षकांना हा चित्रपट आवर्जून दाखवावा. दलाल, भाव, मजुरी आणि मुलांनी शेती करावी की नाही यावरची घरातली धुसफूस, यांविषयी ते जे बोलतील ते कोणत्याही समीक्षेत सापडणार नाही.

‘द बीस्ट्स’मध्येही जमीन आणि वीज हाच विषय आहे, पण चेहरा अगदी वेगळा. स्पेनच्याच गालिसिया प्रांतातल्या एका ओस पडत चाललेल्या गावात एक फ्रेंच जोडपे येऊन भाजीपाला पिकवते. पवनचक्क्यांच्या कंपनीकडून मिळणाऱ्या पैशाला ते नकार देतात आणि त्यामुळे शेजारच्या दोन भावांशी त्यांचे वैर वाढत जाते. ते भाऊ खलनायक म्हणून रंगवलेले नाहीत, ही या चित्रपटाची खरी ताकद होय. आयुष्यभर दारिद्र्य भोगलेल्या माणसाला सुटकेची एकच संधी दिसते आणि बाहेरून हौसेने आलेला माणूस ती अडवून धरतो, ही बाजूही दिग्दर्शक पूर्ण गांभीर्याने मांडतो. गावच्या दारूच्या गुत्त्यातला संवाद एकाच बैठकीत दोनदा पाहावा: कोण किती वेळ बोलतो आणि कोण नुसता ऐकतो, एवढेच लक्षात घेतले तरी दिग्दर्शनाचा एक धडा होईल.

तिसऱ्या चित्रपटाची ओळख थोडक्यात पुरे. ‘लल्लाबाय’मध्ये नुकतीच आई झालेली तरुणी तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी येते, आणि तिथे आईच आजारी पडते. मराठी घरात याहून अधिक सांगावे लागत नाही.

तिन्ही चित्रपट पाहून झाल्यावर, आणि निकाल वाचण्याच्या आधी, प्रत्येकाने आपले मत चिठ्ठीवर लिहावे. प्रश्न दोन असावेत आणि ते वेगवेगळे ठेवावेत: तुम्हाला सर्वांत चांगला कोणता वाटला, आणि देशातर्फे तुम्ही कोणता पाठवला असता? दोन्ही उत्तरे एकच येतात की वेगळी, यावरून चर्चा आपोआप सुरू होते.

मग प्रत्यक्षात काय घडले ते पाहावे. अकादमीने ‘आल्कारास’ पाठवला. त्याला त्याच वर्षी बर्लिन महोत्सवात सर्वोच्च सन्मान, सुवर्ण अस्वल, मिळालेला होता. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते भारतीय वंशाचे दिग्दर्शक एम. नाइट श्यामलन. तरीही ऑस्करच्या पंधरा चित्रपटांच्या यादीत तो आला नाही. पुढे गोया पुरस्कारांत त्याला अकरा नामांकने मिळाली आणि पुरस्कार एकही मिळाला नाही, तर ‘द बीस्ट्स’ने सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शनासह नऊ गोया जिंकले आणि फ्रान्सच्या सेझार पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट परदेशी चित्रपटाचा मानही मिळवला. ‘लल्लाबाय’मधल्या मुलीला आणि आईला, म्हणजे लाया कोस्ता आणि सुसी सांचेस यांना, अभिनयाचे गोया मिळाले. एकाच वर्षीचे तीन चित्रपट, आणि चार ठिकाणच्या निकालांचे सूर चार. बर्लिनमध्ये मूठभर परीक्षक एकत्र बसून, वाद घालून निर्णय करतात. ऑस्करला जगभरचे सभासद घरोघरी पाहून मत देतात. गोयाला स्पेनमधले व्यावसायिक आपल्याच सहकाऱ्यांविषयी बोलत असतात. पुरस्कार कोणी दिला हे कळल्याशिवाय पुरस्काराचा अर्थ लागत नाही, आणि ही गोष्ट व्याख्यानातून सांगण्यापेक्षा या तीन चित्रपटांतून फार लवकर पटते.

अकादमीची निवड चुकली असे तुम्हाला वाटले, तर २००२ पाहावे

हा दुसरा धडा थोडा कडू आहे. २००२ मध्ये अल्मोदोवार यांचा ‘टॉक टू हर’ जगभर गाजत होता, पण स्पेनने पाठवला फेर्नांदो लेओन दे आरानोआ यांचा ‘मंडेज इन द सन’. त्याला नामांकन मिळाले नाही. दुसरीकडे, देशाने न पाठवलेल्या ‘टॉक टू हर’साठी अल्मोदोवार यांना दिग्दर्शनाचे नामांकन आणि मूळ पटकथेचे ऑस्कर मिळाले, कारण आंतरराष्ट्रीय विभाग सोडून इतर विभागांसाठी देशाच्या शिफारशीची गरज नसते, अमेरिकेत रीतसर प्रदर्शित झालेला चित्रपट तिथे थेट स्पर्धेत उतरू शकतो.

यावरून स्पेनची अकादमी चुकली असे म्हणण्याची घाई अनेक जण करतात. माझे मत तसे नाही. ‘मंडेज इन द सन’ हा गोदी बंद पडल्यावर बेकार झालेल्या कामगारांचा चित्रपट आहे. सान सेबास्तियानच्या महोत्सवात त्याने सुवर्ण शिंपला जिंकला होता आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा गोयाही त्यालाच मिळाला. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उमेदीची वर्षे घालवलेला माणूस शेजारी बसवून हा चित्रपट पाहावा. नोकरीच्या अर्जावर वय लिहिताना चाचरणारा, मुलाखतीपूर्वी केस काळे करणारा त्यातला कामगार त्याला समजावून द्यावा लागणार नाही. देशाच्या अकादमीने आपल्या समाजाचा प्रश्न पुढे केला, यात गैर काही नव्हते. पण परीक्षक दुसरे होते. २०२१ मध्ये जवळजवळ हेच पुन्हा घडले. त्याच दिग्दर्शकाचा ‘द गुड बॉस’ निवडला गेला आणि अल्मोदोवार यांचा ‘पॅरलल मदर्स’ मागे राहिला. ‘द गुड बॉस’ पंधरांच्या यादीपर्यंत पोहोचला आणि तिथेच थांबला, तर ‘पॅरलल मदर्स’साठी पेनेलोपे क्रूस यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे नामांकन मिळाले.

देश, भाषा आणि दिग्दर्शक यांची गल्लत टाळावी

नोंदी ठेवताना हे तीन रकाने स्वतंत्र ठेवणे अत्यंत आवश्यक आहे. लुईस बुन्युएल हे स्पेनचे सर्वांत थोर दिग्दर्शक मानले जातात, पण ‘द डिस्क्रीट चार्म ऑफ द बूर्ज्वाझी’चे ऑस्कर फ्रान्सच्या खात्यावर जमा आहे. ‘पॅन्स लॅबरिंथ’ची गोष्ट स्पेनमध्ये घडते आणि त्यात स्पेनचा पैसाही आहे, तरी तो मेक्सिकोची प्रवेशिका होता. उलट ‘आल्कारास’ स्पेनचा असूनही कातालान भाषेत आहे, आणि २०१५ मध्ये स्पेनने पाठवलेला ‘लोरेआक’ बास्क भाषेत. अल्मोदोवार यांच्या ‘द रूम नेक्स्ट डोअर’ने २०२४ मध्ये व्हेनिसचा सुवर्णसिंह जिंकला, परंतु तो इंग्रजीत असल्यामुळे या विभागात चालणारच नव्हता.

बुन्युएल यांच्याच ‘विरिदियाना’ची नोंद मात्र वेगळ्या पानावर ठेवावी. १९६१ मध्ये स्पेनचा अधिकृत चित्रपट म्हणून तो कान महोत्सवात गेला आणि त्याने सर्वोच्च पाम दॉर पुरस्कार विभागून मिळवला. नंतर व्हॅटिकनच्या मुखपत्राने टीका करताच स्पेनचा तेव्हाचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीने त्यावर बंदी घातली आणि व्यासपीठावर जाऊन पुरस्कार स्वीकारणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला पद गमवावे लागले. स्पेनच्या प्रेक्षकांना हा चित्रपट १९७७ पर्यंत पाहता आला नाही. देशातर्फे चित्रपट पाठवणे हे किती जोखमीचे असू शकते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

मराठी प्रवेशिका शेजारी ठेवून पाहाव्यात

हा माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. ज्या वर्षी ‘द सी इनसाइड’ स्पेनतर्फे गेला आणि जिंकला, त्याच वर्षी भारताची प्रवेशिका होती संदीप सावंत यांचा ‘श्वास’. दोन्ही चित्रपट लागोपाठच्या दोन संध्याकाळी पाहावेत. एकात रामोन साम्पेद्रो हा अपघाताने मानेखाली लुळा पडलेला गालिसियाचा माणूस सुमारे तीन दशके मरणाचा हक्क मागतो. दुसऱ्यात डोळ्यांच्या कर्करोगामुळे दृष्टी जाणार असलेल्या नातवाला आजोबा शस्त्रक्रियेपूर्वी दवाखान्यातून बाहेर नेऊन जग दाखवतात. दोन्हींत शरीराविषयीचा निर्णय कोणाचा, रुग्णाचा, कुटुंबाचा की डॉक्टरांचा, हा एकच प्रश्न आहे. खिडकीतून उडत समुद्रापर्यंत जाणारा साम्पेद्रोचा कल्पनाप्रवास आणि आजोबा आणि नातू परशुराम यांची शहरातली ती भटकंती यांची तुलना केली, तर दोन दिग्दर्शकांनी एकच वेदना किती वेगळ्या वाटांनी दाखवली हे स्पष्ट होते.

यातून आणखी एक व्यावहारिक बाब शिकता येते. अमेरिकेत प्रचारासाठी ‘श्वास’च्या मंडळींना महाराष्ट्रभर लोकवर्गणी गोळा करावी लागली होती. आमेनाबार यांचे नाव मात्र ‘द अदर्स’ या इंग्रजी चित्रपटामुळे अमेरिकी प्रेक्षकांना आधीच परिचित होते, आणि साम्पेद्रोची भूमिका करणाऱ्या हाविएर बार्देम यांना पूर्वी ऑस्करचे नामांकन मिळालेले होते. मतदारांनी चित्रपट मुळात पाहावा, यासाठी लागणारी ओळख आणि यंत्रणा हाही स्पर्धेचा भाग असतो. चांगल्या चित्रपटाची हार समजून घेताना हे विसरू नये.

याच पद्धतीने परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ घ्यावा. तो भारतातर्फे गेला त्या वर्षी स्पेनने त्रुएबा यांचा ‘द डान्सर अँड द थीफ’ पाठवला होता. नामांकन दोघांनाही मिळाले नाही, आणि पुरस्कार स्पॅनिश भाषेतल्याच, पण अर्जेंटिनाच्या ‘द सीक्रेट इन देअर आइज’ने नेला. फाळक्यांच्या कर्मभूमीत हा चित्रपट पाहण्यासाठी वेगळे निमित्त शोधावे लागणार नाही.

चित्रपट कुठून आणावेत, आणि परवानगीचे काय

‘सोसायटी ऑफ द स्नो’सारखे चित्रपट नेटफ्लिक्सवर आहेत. बाकीचे निरनिराळ्या ओटीटी मंचांवर येतात आणि जातात, म्हणून चित्रपट शोधताना मूळ नाव आणि इंग्रजी नाव दोन्ही वापरून पाहावे. नवे चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहायचे, तर गोव्याचा इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव नोव्हेंबरमध्ये आणि पुण्याचा पिफ हा तसाच महोत्सव साधारण जानेवारीत होतो. नाशिकहून पुणे एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे, तेव्हा निदान पिफचे वेळापत्रक तरी दरवर्षी तपासावे.

घरात चार माणसांनी बसून पाहणे आणि सभागृहात जाहीर कार्यक्रम करणे यांत कायद्याने फरक आहे. ओटीटीची वर्गणी भरल्याने जाहीर प्रदर्शनाचा हक्क मिळत नाही. कार्यक्रम करायचा असेल, तर चित्रपटाच्या शेवटच्या श्रेयनामावलीत निर्मिती संस्था आणि आंतरराष्ट्रीय विक्री पाहणाऱ्या कंपनीचे नाव असते, तिथे पत्र पाठवावे. पत्रात तारीख, आसनसंख्या, तिकीट आहे की प्रवेश विनामूल्य आहे, आणि प्रत कोणत्या स्वरूपात हवी, एवढे नेमके लिहावे. मोघम पत्रांना उत्तरे येत नाहीत. दिल्लीच्या सर्व्हांतेस संस्थेकडेही चौकशी करावी, कारण स्पॅनिश संस्कृतीचा प्रसार हेच तिचे काम आहे. शिवाय भारतात जाहीर प्रदर्शनासाठी सेन्सॉरचे प्रमाणपत्र किंवा माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट लागते. हे सारे एकट्या गटाला झेपत नसेल, तर नोंदणीकृत फिल्म सोसायटीच्या माध्यमातून जावे.

उपशीर्षके इंग्रजीत असतात, आणि आपल्याकडच्या ज्येष्ठ प्रेक्षकांना ती तितक्या वेगाने वाचणे जड जाते. त्यासाठी पात्रांची नावे आणि नाती यांचे मराठीतले एक पान आधीच वाटावे. कथानक मात्र लिहू नये. ‘आल्कारास’सारख्या मोठ्या कुटुंबाच्या चित्रपटात या एका पानाने अर्धा गोंधळ वाचतो.

चालू हंगामाला लागल्यावर

सराव झाला की फेब्रुवारीत बर्लिन, मेमध्ये कान, ऑगस्टअखेर व्हेनिस आणि सप्टेंबरमध्ये सान सेबास्तियान येथे कोणते स्पॅनिश चित्रपट स्पर्धेत आहेत, एवढी नोंद ठेवावी. अकादमीचे तीन चित्रपट बहुधा यांतूनच पुढे येतात. २०२५ मध्ये ओलिवेर लाशे यांच्या ‘सिरात’ने कानचा ज्युरी पुरस्कार विभागून मिळवला होता, ‘रोमेरिया’ आणि ‘सोर्दा’ यांच्याबरोबर तो अंतिम तिघांत आला आणि अखेर तोच निवडला गेला. तीन नावे जाहीर झाली की दोन प्रश्नांच्या चिठ्ठ्या त्याच आठवड्यात लिहून घ्याव्यात. चित्रपट तेव्हा पाहायला मिळाले नसतील, तर कथासूत्र आणि महोत्सवांतली कामगिरी यांवरून अंदाज लिहावा, त्यावर तो अंदाज असल्याची खूण करावी, आणि पाहून झाल्यावर खाली नवे मत लिहावे. जुने खोडू नये.

ऑस्करचा सोहळा आपल्याकडे सोमवारी पहाटे सुरू होतो आणि गोयाचा सोहळा शनिवारची मध्यरात्र उलटल्यावर. रात्रभर जागण्याची माणसांची शक्ती एकाच सोहळ्यापुरती असेल, तर ती गोयासाठी राखून ठेवावी. पुढच्या वर्षभरात शोधून पाहावेत अशा दिग्दर्शकांची, छायाचित्रकारांची आणि नवोदित नटांची नावे त्या रात्री एकामागून एक कानावर पडतात. ती ऐकताक्षणी वहीत टिपावीत. नवोदित दिग्दर्शकाच्या गोयाला तर वहीत वेगळा रकानाच द्यावा, कारण ‘लल्लाबाय’च्या अलाउदा रुइस दे असुआ यांना तो मिळाला, आणि २०२५ मध्ये ‘लोस दोमिंगोस’साठी सान सेबास्तियानचा सुवर्ण शिंपलाही त्यांनीच नेला.